नोकरीतील भेदभावाची तक्रार लिहिताना शब्द कसे निवडावेत

नोकरीच्या ठिकाणी सोसलेल्या गोष्टींबद्दल अर्ज लिहायला बसलेली व्यक्ती बहुधा पहिल्याच ओळीत ‘माझ्यावर घोर अन्याय झाला असून मला न्याय मिळावा, ही नम्र विनंती’ असे लिहून मोकळी होते. भावना खरी असते आणि वाक्यही बिनचूक असते; परंतु अर्ज वाचणाऱ्या अधिकाऱ्याला त्यातून पुढे काय करायचे हे कळत नाही. पगार कमी देणे, बढती डावलणे, प्रसूती रजा नाकारणे, अंगचटीला येणे, फाटकावरूनच परत पाठवणे हे सगळे अन्यायच आहेत, पण त्या प्रत्येकाचा कायदा वेगळा, कार्यालय वेगळे आणि तक्रारीची मुदतही वेगळी आहे. अर्जातला शब्द नेमका असेल तर कागद योग्य टेबलावर जातो. नसेल तर तो ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव’ असा शेरा घेऊन एका विभागातून दुसऱ्या विभागात फिरत राहतो.

म्हणून पहिला मसुदा कायद्याच्या भाषेत लिहू नये. घरी बोलताना घटना जशी सांगाल तशी ती कागदावर उतरवावी: कोणत्या तारखेला, कुठे, कोण काय बोलले, किती रुपये कापले, समोर कोण होते. समोरच्याचे शब्द जसेच्या तसे, अवतरणचिन्हांत लिहावेत. ‘माझ्याशी अपमानास्पद भाषेत संभाषण केले’ या वाक्यातून काहीच सिद्ध होत नाही. ‘“तुम्हा लोकांना कोट्यातून नोकरी मिळते, काम कुठे येतं” असे ते सर्वांसमोर म्हणाले’ या वाक्यातून पुष्कळ काही होते. मराठी माणसाला लेखी कागदात वाईट शब्द लिहिण्याचा संकोच वाटतो, पण तक्रारीत तो संकोच समोरच्याच्या पथ्यावर पडतो. घटना अशी लिहून झाली की मग दुसऱ्या वाचनात तिच्यासाठी कायद्याचा शब्द शोधावा.

यातला सर्वांत अधिक वापरला जाणारा आणि सर्वांत सैल वापरला जाणारा शब्द म्हणजे ‘भेदभाव’. साहेबांनी भाच्याला नोकरी दिली तर तो वशिला, आवडत्या माणसाला हलके काम दिले तर तो पक्षपात, आणि एखाद्याला सतत परके वागवले तर तो दुजाभाव. भेदभाव म्हणण्यासाठी दोन गोष्टी दाखवाव्या लागतात: मला अमुक व्यक्तीच्या तुलनेत कमी मिळाले, आणि त्याचे कारण माझे लिंग, जात, धर्म, दिव्यांगत्व किंवा कायद्याने संरक्षण दिलेले असेच एखादे वैशिष्ट्य आहे. ‘ज्यांच्याशी तुलना करायची ती व्यक्ती’ यासाठी मराठीत रुळलेला एकशब्दी पर्याय नाही, त्यामुळे ते पूर्ण वाक्यातच मांडावे. उदाहरणार्थ: ‘मी व माझ्यासोबत त्याच महिन्यात रुजू झालेले दोन पुरुष सहकारी एकाच यंत्रावर, एकाच पाळीत काम करतो, त्यांची मासिक मजुरी १८,००० रुपये आहे, तर माझी १५,५०० रुपये आहे, आणि या फरकाचे कोणतेही कारण मला लेखी देण्यात आलेले नाही.’ या वाक्यात भेदभाव हा शब्द एकदाही आलेला नाही, तरी भेदभाव पूर्ण दिसतो. तो शब्द नंतर, विषयाच्या ओळीत घालावा.

‘समता’ आणि ‘समानता’ यांचीही अशीच गल्लत होते. समता हा महाराष्ट्रात चळवळीचा शब्द आहे. त्याच्यामागे फुले-आंबेडकरांची सगळी परंपरा उभी आहे आणि तो भाषणात, पत्रकात शोभतो. अर्जात मात्र ‘समान संधी’, ‘समान वेतन’, ‘समान वागणूक’ असे मोजता येणारे शब्द अधिक कामाचे ठरतात. संविधानाच्या मराठी उद्देशिकेत ‘दर्जाची व संधीची समानता’ असे शब्द आहेत. नोकरीच्या संदर्भात अनुच्छेद १४, १५ आणि १६ यांचा उल्लेख करण्याची पद्धत आहे, पण त्यात एक सावधगिरी हवी: अनुच्छेद १६ हा शासकीय सेवेतील समान संधीबद्दल आहे, त्यामुळे खासगी कारखान्यातील कामगाराने केवळ त्याच्या आधारावर अर्ज उभारू नये, आपल्याला लागू असलेला कामगार कायदा सांगावा. जाता जाता आणखी एक बारकावा. संविधानाचा असतो तो ‘अनुच्छेद’, अधिनियमाचे असते ते ‘कलम’ आणि नियमावलीचा असतो तो ‘नियम’. ‘संविधानाचे कलम’ म्हटल्याने कोणाचा अर्ज फेटाळला जात नाही, पण लिहिणाऱ्याला विषयाची माहिती आहे की नाही, याचा अंदाज वाचणारा अशाच जागी बांधतो.

वेतनाचे शब्द

पैशाला मराठीत जितकी नावे आहेत तितकी क्वचित दुसऱ्या कशाला असतील, आणि त्यातले प्रत्येक नाव देणाऱ्याच्या सोयीचे असू शकते. पगार, वेतन आणि मजुरी हे शब्द काम आणि मोबदला यांचे नाते मान्य करतात. ‘मानधन’ हा शब्द मात्र तसे करत नाही; आपण स्वेच्छेने सेवा करतो आणि समोरचा मानाने काही देतो, असा त्याचा सूर आहे. अंगणवाडी सेविका, मदतनीस आणि आशा आरोग्य स्वयंसेविका यांना मिळणाऱ्या रकमेला हेच नाव देण्यात आले. अंगणवाडी सेविका व मदतनिसांना उपदान, म्हणजे बोलीत ज्याला ग्रॅच्युइटी म्हणतात ते, मिळावे की नाही हा गुजरातमधील प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा त्यांना मिळते ते मानधन आहे, वेतन नव्हे, असा युक्तिवाद झाला होता. २०२२ मध्ये न्यायालयाने तो न मानता त्यांना उपदानाचा हक्क असल्याचे सांगितले. यावरून घ्यायचे ते असे की, कागदावर मानधन लिहिलेले असले तरी अर्जदाराने ‘मानधन या नावाने दिले जाणारे वेतन’ असे लिहावे. ‘विद्यावेतन’ या शब्दाबाबतही तेच. शिकाऊ उमेदवार म्हणून नेमून नेहमीचे उत्पादन करून घेतले जात असेल, तर कोणते शिक्षण दिले जाते आणि कोणते काम करून घेतले जाते, हे दोन वेगळ्या वाक्यांत लिहावे.

स्त्री-पुरुष समान वेतनाचा मूळ कायदा १९७६ चा. आता त्याची जागा वेतन संहिता, २०१९ ने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. दोन्हींतला गाभ्याचा शब्दप्रयोग एकच आहे: ‘समान किंवा समान स्वरूपाचे काम’. या ‘समान स्वरूपाचे’ या दोन शब्दांत सगळी मेख आहे, आणि ती समजून घेण्यासाठी मुंबईतलाच एक खटला उपयोगी पडतो. मॅकिनन मॅकेन्झी या जहाज कंपनीत वरिष्ठ अधिकाऱ्यांसोबत काम करणाऱ्या स्त्री लघुलेखकांच्या पदाला ‘कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर’ असे नाव होते आणि त्यांचे वेतन पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी होते. त्यांपैकी ऑड्री डिकोस्टा यांनी दाद मागितली. या विशिष्ट पदावर एकही पुरुष नाही, तेव्हा भेदभाव होणारच कसा, असा कंपनीचा बचाव होता. शिवाय संघटनेशी करार झालेला आहे आणि आर्थिक ऐपत नाही, हेही मुद्दे होतेच. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये यांतला एकही बचाव मान्य केला नाही. पदाचे नाव वेगळे ठेवल्याने काम वेगळे होत नाही, आणि समान वेतनाचा कायदा मालकाच्या ऐपतीवर अवलंबून नाही, असा त्याचा अर्थ झाला. त्यामुळे तक्रारीत पदनामाला एक ओळ आणि प्रत्यक्ष कामाला अर्धे पान द्यावे. ‘मदतनीस’, ‘हेल्पर’ किंवा ‘सहायिका’ म्हणून नेमलेली स्त्री दिवसभरात काय काय करते, कोणते यंत्र चालवते, कोणत्या कागदावर सही करते, हे क्रमाने लिहिले की ‘समान स्वरूप’ आपोआप उघड होते.

शेतीतले शब्द याहून जुने आणि याहून कठीण आहेत. ‘गड्याची हजेरी’ आणि ‘बाईची हजेरी’ असे दोन दर गावोगावी इतके सहज बोलले जातात की त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. ऊसतोडीत तर स्त्रीची मजुरी शब्दातच विरघळून जाते. तिथे नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’. मुकादमाकडून हंगामापूर्वी मिळणारी ‘उचल’ कोयत्यावर ठरते, हिशेब कोयत्यावर होतो, आणि एक दिवस काम चुकले की त्याचा ‘खाडा’ही कोयत्यावरच पडतो. दोघांनी केलेल्या कामाचा हिशेब बहुधा एकाच्याच हातात पडतो. अशा प्रकरणात लिहिणाऱ्याने कोयता, उचल आणि खाडा हे शब्द बदलू नयेत, कारण मुकादमाच्या वहीत तेच असतात आणि पुरावाही तीच वही असते. पहिल्यांदा शब्द आला की पुढे एका वाक्यात अर्थ सांगावा: ‘एक कोयता, म्हणजे मी व माझे पती असे दोन मजूर, यातील माझ्या मजुरीची स्वतंत्र नोंद ठेवण्यात आलेली नाही.’ या वाक्याचा उत्तरार्ध हाच अर्जाचा कणा आहे.

नेमणुकीचे आणि काढून टाकण्याचे शब्द

कायम, तात्पुरता, हंगामी, रोजंदार, कंत्राटी, बदली: यांतला प्रत्येक शब्द हक्कांची एक पायरी सांगतो, म्हणून नेमणूकपत्रात किंवा वेतनचिठ्ठीत जो शब्द असेल तोच प्रथम लिहावा आणि वस्तुस्थिती वेगळी असेल तर ती त्याच्या पुढे लिहावी. ‘बदली कामगार’ हा गिरण्यांच्या काळापासूनचा शब्द आहे; गैरहजर कामगाराच्या जागी लावलेला माणूस, असा त्याचा अर्थ. त्याचा एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी होणाऱ्या बदलीशी संबंध नाही, आणि दोन्ही गोष्टी एकाच अर्जात आल्या तर दुसरीला ‘स्थानांतर’ म्हणून गोंधळ टाळावा. कामगाराला वर्षानुवर्षे बदली, नैमित्तिक किंवा तात्पुरता ठेवून कायमपणाच्या फायद्यांपासून दूर ठेवणे याला महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायद्यात ‘अनुचित कामगार प्रथा’ म्हटले आहे. गुणवत्ता न पाहता एका गटाला झुकते माप देणे, हेही त्याच यादीत येते. या कायद्याखालील तक्रारीला घटनेपासून ९० दिवसांची मुदत आहे, त्यामुळे ‘गेल्या काही वर्षांपासून’ असे मोघम न लिहिता शेवटची घटना कोणत्या तारखेची, हे ठळकपणे यावे. तात्पुरत्या शासकीय कर्मचाऱ्यांनाही समान कामासाठी समान वेतनाचे तत्त्व लागू होते, हे सर्वोच्च न्यायालयाने पंजाब राज्याच्या प्रकरणात २०१६ मध्ये सांगितले आहे.

‘मला नोकरीवरून काढले’ हे वाक्य तर नेहमीच अपुरे असते. निलंबन ही शिक्षा नव्हे. चौकशी प्रलंबित असताना कामापासून दूर ठेवणे म्हणजे निलंबन, आणि त्या काळात निर्वाह भत्ता मिळतो. शासकीय सेवेत ‘सेवेतून काढून टाकणे’ आणि ‘बडतर्फ करणे’ या दोन स्वतंत्र शिक्षा आहेत: पहिलीत पुन्हा शासकीय नोकरी मिळण्याला आडकाठी येत नाही, दुसरीत सामान्यतः येते. खासगी क्षेत्रात याखेरीज नोकरकपात आणि सेवासमाप्ती हे शब्द येतात. कोणताही कागद न देता फाटकावर अडवले असेल तर त्याला कामगारांच्या भाषेत ‘गेटबंद’ म्हणतात, आणि तो शब्द लिहून पुढे ‘दिनांक अमुकपासून कोणताही लेखी आदेश न देता मला कामावर येऊ दिले जात नाही’ असे जोडावे. दबाव टाकून राजीनामा लिहून घेतला असेल तर ‘राजीनामा दिला’ असे चुकूनही लिहू नये. ‘राजीनामा लिहून घेण्यात आला’ असेच लिहावे आणि तो कोणत्या खोलीत, कोणासमोर, किती वाजता हे सांगावे. कारणे दाखवा नोटीस मिळाली होती का, दोषारोपपत्र दिले होते का, आपली बाजू ऐकून घेतली का, या तीन प्रश्नांची उत्तरे नकारार्थी असतील तर ‘नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वांचे पालन झाले नाही’ हा शब्दप्रयोग वापरण्याचा अधिकार अर्जदाराला मिळतो. त्याआधी तो वापरला तर ती केवळ सजावट ठरते.

छळाचे शब्द

‘छेडछाड’ हा शब्द तक्रारीत अजिबात वापरू नये. त्यात थट्टेचा वास आहे, आणि वाचणाऱ्याचा चेहरा ते वाचताच सैल होतो. ‘विनयभंग’ हा फौजदारी कायद्याचा शब्द आहे आणि तो पोलिसांकडील फिर्यादीत येतो. कार्यालयातील समितीकडे जायचे असेल तर शब्द ‘लैंगिक छळ’ हाच. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या अधिनियमात त्याच्या व्याख्येचा मध्यबिंदू वर्तन ‘नकोसे’ असणे हा आहे, समोरच्याचा हेतू काय होता हा नव्हे. म्हणून ‘त्यांनी वाईट हेतूने’ असे लिहून हेतू सिद्ध करण्याचे ओझे स्वतःवर घेण्यापेक्षा ‘हे वर्तन मला नकोसे होते आणि मी ते अमुक प्रकारे दर्शवले’ असे लिहावे. स्पर्श, शरीरसुखाची मागणी, लैंगिक शेरे, अश्लील चित्रे दाखवणे आणि असेच इतर शारीरिक, शाब्दिक किंवा निःशब्द वर्तन या सगळ्यांचा त्यात समावेश होतो.

या समितीला अनेक कार्यालयांत अजूनही ‘विशाखा समिती’ म्हणतात. याच विषयावरील सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या विशाखा निकालाची ती आठवण आहे आणि बोलताना ती जपायला हरकत नाही, पण अर्जावर ‘अध्यक्ष, अंतर्गत समिती’ असे लिहावे. जिथे दहापेक्षा कमी माणसे काम करतात, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध आहे, तिथे अर्ज जिल्ह्यातील ‘स्थानिक समिती’कडे जातो, घरकाम करणाऱ्या स्त्रियांसाठीही तीच वाट आहे. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार करावी लागते, आणि कारण पटल्यास समिती ती मुदत आणखी तीन महिने वाढवू शकते. नियमांप्रमाणे तक्रारीच्या सहा प्रती द्याव्या लागतात. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो ‘प्रतिवादी’, आरोपी नव्हे. तक्रारदाराच्या विनंतीवरून चौकशीपूर्वी ‘समेट’ घडवता येतो, पण तो पैशाच्या देवाणघेवाणीवर आधारलेला नसावा असे कायदा स्पष्ट सांगतो; बोलीत ज्याला मांडवली म्हणतात तिला इथे जागा नाही. आणि अनेक जणींना मागे खेचणारी भीती म्हणजे ‘तक्रार खोटी ठरली तर?’ इथे दोन शब्द वेगळे ठेवावेत: तक्रार ‘सिद्ध न होणे’ आणि ती ‘द्वेषबुद्धीने केलेली असणे’. पुरावा अपुरा पडला, एवढ्यावरून तक्रारदारावर कारवाई होत नाही.

माणसांना काय म्हणावे

दिव्यांग व्यक्तींच्या अर्जात ‘सवलत’ हा शब्द फार येतो आणि तो नुकसान करतो. सवलत ही देणाऱ्याच्या मर्जीची असते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात जी कल्पना आहे तिला ‘वाजवी सोय’ म्हणता येईल: तळमजल्यावर जागा, पायऱ्यांऐवजी उतार (रॅम्प), पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, सांकेतिक भाषेचा दुभाषी. मालकावर अवाजवी भार न टाकता करता येण्याजोगा आवश्यक बदल, असा तिचा अर्थ आहे, म्हणून बदल कोणता हवा आणि त्याला किती थोडे लागते, हे अर्जातच लिहिलेले बरे. प्रसूती रजेबाबतही ‘सुट्टी मंजूर करावी’ याऐवजी ‘मला देय असलेली २६ आठवड्यांची प्रसूती रजा’ असे लिहावे. तिची तरतूद आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये आहे आणि पात्रतेसाठी मागील बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेले असावे लागते. दोन अपत्ये हयात असतील तर ही रजा १२ आठवड्यांची होते.

पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्तीच्या बाबतीत मराठीची स्वतःची अडचण आहे, कारण इथे क्रियापदच लिंग सांगते. ‘मी गेलो’ की ‘मी गेले’ हे अर्जदाराने स्वतः ठरवावे आणि अर्ज लिहून देणाऱ्याने ओळखपत्र पाहून ते परस्पर दुरुस्त करू नये. तृतीयपंथी म्हणायचे की पारलिंगी, हेही त्याच व्यक्तीला विचारावे. पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांबाबतच्या २०१९ च्या अधिनियमाने नोकरीत भेदभाव करण्यास मनाई केली असून प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमण्यास सांगितले आहे, तेव्हा पत्त्याच्या जागी ‘तक्रार अधिकारी’ हा शब्द लिहिता येतो. ‘सौ.’ आणि ‘कुमारी’ही टाळावे, पुरुषाच्या ‘श्री.’वरून त्याचे लग्न झाले आहे की नाही हे कळत नाही, मग स्त्रीच्या अर्जावरून तरी का कळावे? ‘श्रीमती’ पुरेसे आहे. माहेरचे नाव सेवापुस्तकात आणि सासरचे नाव बँकेत असेल तर मात्र दोन्ही नावे एकदा लिहून टाकावीत.

शेवटचा परिच्छेद लिहिताना ‘मेहेरबानी व्हावी’, ‘कृपादृष्टी असावी’, ‘आपला आज्ञाधारक’ हे जुन्या अर्जांतून उतरलेले शब्द गाळावेत, पण त्यांच्या जागी धमकीही घालू नये. ‘मागणी’ असे छोटे शीर्षक देऊन काय हवे ते आकड्यांत लिहावे: अमुक महिन्यापासूनचा वेतनातील फरक, ज्येष्ठता सूचीत दुरुस्ती, पूर्वीच्या पाळीत पुनर्नियुक्ती, लेखी उत्तर. मग अर्ज कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवावा, आणि ऐकणाऱ्याने ‘म्हणजे नक्की काय झालं?’ असे जिथे विचारले तिथली ओळ पुन्हा लिहावी. अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यावा. ‘पोच नंतर देतो’ असे सांगितले गेले तर तोच अर्ज त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवून पावती प्रतीला टाचून ठेवावी.